ब्लेझर पुण्याचा, ऊन नागपूरचं

काकू, नमस्कार.

मी उमरेडची. बी.कॉम. झाली, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला आणि दीड वर्षापासून गावातल्याच एका कर सल्लागारांकडे जीएसटीचं काम करून राहिली. आता नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. 27 मे, सकाळी 11 वाजता. काय घालून जायचं यावरून घरात रोज वाद आहे. आई म्हणते साडी नेस, ताईच्या लग्नातली मोरपंखी आहेच. पुण्याची चुलत बहीण तिचा काळा ब्लेझर आणि पॅन्ट कुरिअरने पाठवते म्हणते. कुर्ता घालून गेलीस तर गावची म्हणून लगेच ओळखतील, असं तिचं म्हणणं. मैत्रीण म्हणते कुर्ता-लेगिंग मस्त चालते. माझ्याजवळ दोन हजार रुपये आहेत, त्यातच सँडलही घ्यायची आहे. नागपुरात मानेवाड्याला मामा राहतात, पण मामी कपड्यांवरून फार बोलते, म्हणून सकाळच्या एसटीनेच यायचं ठरवलं आहे. माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून वाटते, निदान कपडे तरी बरोबर पाहिजेत. काय घालू?

एक वाचक, उमरेड

बेटा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी साडी, ब्लेझर आणि कुर्ता यांचंच भांडण दिसलं. दुसऱ्या वेळी शेवटच्या ओळींपाशी अडखळले. इंग्रजी कच्चं आहे, म्हणून निदान कपडे तरी. तुझं खरं पत्र एवढंच आहे. त्याच्याकडे येते, पण आधी तारीख पाहू, कारण घरातल्या वादात ती कोणीच पाहिलेली दिसत नाही.

27 मे म्हणजे नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यात कडक नऊ दिवस, लागून दोन दिवस झालेले. त्या दिवसांत आपल्याकडे पारा 45 च्या आसपास खेळत असतो आणि सकाळी नऊलाच चटके बसायला लागतात. तू उमरेडहून एसटीने निघणार. खिडकी लावली तर कोंडतं, उघडली तर झळा. गणेशपेठच्या स्टँडवर उतरायचं, ऑटोने सीताबर्डी, बर्डीहून मेट्रोने खापरी, आणि खापरीहून मिहानच्या आत पुन्हा ऑटो. मेट्रोतला गारवा सोडला तर दोन-अडीच तास तू धुळीत आणि घामात. त्यानंतर एकदम एसीची खोली, समोर तीन अनोळखी माणसं. कपडे निवडायचे ते या रस्त्याचा विचार करून. आरशासमोर सगळंच चांगलं दिसतं, कारण आरसा घरात असतो आणि बाजूला कूलर चालू असतो.

म्हणून आधी ब्लेझरचा निकाल लावू. तुझ्या बहिणीचं मन मोठं आहे, पण ब्लेझर तिच्या मापाचा आहे. कोटाची बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, खांदा मात्र सहजी हलत नाही. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली दिसली की ही वस्तू मागून आणलेली आहे हे शिंप्याच्या पोरालाही कळतं. ती दुरुस्त करायची तर अख्खी बाही उसवावी लागते, आणि ऐन लग्नसराईत कोणता शिंपी तुला दारात उभं करणार आहे? त्यात तयार ब्लेझर बहुतेक पॉलिएस्टरचे असतात, आतलं अस्तरही त्याचंच. आपण कापसाच्या मुलुखातली माणसं. सुती धागा नुसत्या हवेतून आपल्या वजनाच्या 7-8 टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. मग घाम जाणार कुठे? पाठीवरून ओघळणार. काळ्या कापडावर तो वाळला की मिठाची पांढरी रेघ उमटते, काखेखाली नकाशा काढल्यासारखी. ब्लेझर काढावा तर आतला शर्ट ओला, न काढावा तर जीव कासावीस.

हे मी ऐकीव सांगत नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी 26 वर्षं होते आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मुलाखतीच्या टेबलाच्या त्या बाजूला बसले. एका उन्हाळ्यात असाच एक मुलगा नवाकोरा कोट घालून आला. बाहीवर कंपनीचं लेबल तसंच, मागची चीर फुलीच्या टाक्याने शिवलेली. कोट विकत घेतला की ते लेबल आणि तो टाका काढून टाकायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्यापैकी कोणी हसलं नाही. पण बाहेर बसलेल्या दुसऱ्या मुलांपैकी कोणी तरी त्याला सांगितलं असावं. तो आत येऊन बसला तो डावा हात टेबलाखाली धरूनच, आणि अख्खी मुलाखत त्याचं लक्ष त्या हातावर होतं. साधासा प्रश्न त्याने तीन वेळा पुन्हा विचारायला लावला. मुलगा हुशार होता, हे त्याच्या कागदांवरून कळत होतं.

पण कोट म्हणजे साहेबाची नक्कल, असं मी म्हणतेय असं समजू नकोस. नागपुरात राहून तसं कोणी म्हणू नये. आपल्या वस्त्यावस्त्यांत बाबासाहेब निळ्या कोटात उभे आहेत, आणि ते कोटातच का उभे आहेत हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. अंगावर चांगला कपडा घालण्याचा हक्कच ज्यांना पिढ्यान् पिढ्या नाकारला गेला, त्यांच्या घरात मापाचा कोट ही हौसेची गोष्ट नसते. तुला कोट घालावासा वाटतो ना? जरूर घाल. पण पगार सुरू झाला की स्वतःच्या मापाचा शिवून घे आणि डिसेंबरात घाल, तेव्हा नागपूरची थंडीही साथ देते. मे महिन्यात, मागून आणलेला, नाही.

आता आईची मोरपंखी. साडीला मी नाव ठेवीन अशी अपेक्षा करू नकोस, मी स्वतः त्या टेबलामागे सुती साडीतच बसत आले. शाळेतली मुलाखत असती तर मी आईच्या बाजूने बोलले असते. राज्य सरकारने मार्च 2024 मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या, त्यात शिक्षिकांसाठी साडी आहे आणि सलवार किंवा चुडीदार, कुर्ता, दुपट्टाही आहे. त्याआधी डिसेंबर 2020 मध्ये सरकारी कार्यालयांसाठीही असंच एक परिपत्रक निघालं होतं. शुक्रवारी खादी घाला, असंही त्यात होतं. खाजगी कंपनीला यातलं काही लागू नाही. पण बहिणीला सांगता येईल की ज्या कुर्त्याची तिला एवढी धास्ती वाटते, तो सरकारदरबारीही बसतो.

साडीबद्दल माझा एकच प्रश्न आहे. साडी नेसून तू एसटीत शेवटची कधी चढली होतीस? लग्नात कोणी तरी नेसवून दिलेली साडी वेगळी आणि रोज स्वतः नेसून कामावर जायची साडी वेगळी. तुला ती रोजची असती तर तू हे पत्रच लिहिलं नसतंस. त्यातून मोरपंखी, जरीची. अकाउंट्सच्या माणसांना वाटेल, बाई लग्नातून उठून आली आणि इथून परत पंगतीला जाणार आहे. आईला हे असं सांगू नकोस अर्थात. ऑफिसात पिना टोचतात, खुर्चीत निऱ्या निघतात, एवढं म्हण. आणि आईला दुसरं काही तरी ठरवू दे, कानातले म्हण, टिकली म्हण. तिलाही तुझ्यासोबत त्या खोलीत यायचं आहे, दुसरं काय.

राहिला कुर्ता. तोच घाल.

पण मैत्रीण म्हणते तसा कोणताही नाही. कापड सुती हवं. दुकानदार ‘कॉटन फील’, ‘कॉटन मिक्स’ अशी गोड नावं सांगतो, तेव्हा आतलं लेबल वाच. लेबल नसेल तर घरी आणून आतल्या शिवणीतला एक धागा ओढ आणि काडीने पेटव. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. रेयॉन अंगाला मऊ लागतं, पण ओलं झालं की चिकटतं, आणि धुतल्यावर आखूड होण्याची त्याला खोड असते. लिनन चांगलं, पण एसटीत पन्नासेक किलोमीटर बसून आलेलं लिनन पाहवत नाही.

रंगाची निवड बाया फार ‘मला काय खुलतं’ यावरून करतात. या एका दिवशी घाम कशावर दिसतो ते पाहा. आकाशी, राखाडी आणि फिकट गुलाबी, हे तीन रंग घामाचे चुगलखोर. पाण्याचा थेंब पडला तरी गडद डाग उठतो. पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर तेवढं कळत नाही, आणि बारीक छापाचं कापड असलं तर बिलकुलच नाही. माझं मत विचारशील तर गडद निळा किंवा बाटली हिरवा, त्यावर बारीक बुट्टी. मोठी फुलं नकोत. सोनेरी छपाई तर नकोच, ती दुकानातच बरी दिसते.

कुर्ता गुडघ्याच्या खाली, बाही कोपराच्या खाली पाऊण. त्याला कारण आहे. अकाउंट्सच्या मुलाखतीत पुष्कळदा लॅपटॉप पुढे सरकवतात आणि म्हणतात, ही दोन व्हाउचर टाकून दाखवा. लांब सैल बाही टेबलावर घासते, बांगड्या खणखणतात, आणि दुपट्टा नेमका त्याच वेळी कीबोर्डवर येऊन पडतो. म्हणून हातात घड्याळाशिवाय काही नको. दुपट्टा घ्यायचाच असेल तर दोन्ही खांद्यांवर पिन लावून घे, नाही तर घेऊच नकोस. नीट मापाच्या कुर्त्याला त्याची गरज नसते. यावर मात्र सगळ्यांचं एकमत होईल असं मी तुला खोटं सांगणार नाही. आमच्याच पॅनलवर एक साहेब होते, मुलगी दुपट्ट्याशिवाय आली की गेल्यावर त्यांचा शेरा ठरलेला. मी त्यावरून दोनदा भांडले, एकदा जिंकले. असे साहेब अजूनही असतील. दुपट्टा असला तर तुझ्याच जिवाला बरं वाटेल, असं असेल तर घे. त्यांच्या शेऱ्याच्या भीतीने घेऊ नकोस.

लेगिंगऐवजी सरळ सुती पॅन्ट घे. घामात लेगिंग चिकटते आणि खुर्चीत बसलं की कुर्त्याची चीर बाजूला सरकून मांडीपर्यंत दिसते. मग मुलगी चीर ओढत बसते. हे मी इतक्या वेळा पाहिलं की मुलीचा हात खाली गेला की मला कळायचं, हिचं लक्ष गेलं. कुर्ता विकत घेताना उभं राहून आरशात पाहू नकोस, दुकानात स्टूल मागून बस. पुढे वाक. फाइल उचलायला खाली वाकल्यासारखं कर. गळा कुठवर येतो, चीर कुठवर जाते, ते तिथेच कळेल. दुकानदार पाहत राहील, पाहू दे.

आत सुती शमीज घाल. पातळ, पांढरी. आईला वाटेल एवढ्या उन्हात आणखी एक कपडा काऊन? पण घाम आधी ती पिते आणि वरचा कुर्ता कोरडा राहतो. शिवाय एसीत एकदम गेल्यावर ओली पाठ गार पडून हुडहुडी भरते, तेही टळतं.

पैशांचं म्हणशील तर दोन हजारांत हे सगळं बसतं. कापड घेऊन शिवायचा नाद सोड, मेमध्ये शिंपी वेळ पाळणार नाही. गांधीबाग, इतवारीत भाव चांगला, पण तिथला व्यापार बराचसा ठोकचा, आणि एका कुर्त्यासाठी फिरायला तुला वेळ नाही. बर्डीच्या बाजारातल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत किंवा उमरेडच्याच दुकानात तयार कुर्ता घे, एक माप मोठा वाटला तरी चालेल. मग बाजूच्या शिंप्याकडून दोन शिवणी आत घे. अल्टरचं काम तो तासाभरात करून देतो. ज्या शहरात 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे किती तरी पिढ्यांनी सूत काढलं, तिथे मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे. सुती कापड ओळखायला आपल्याला काडी पेटवावी लागते, याचं मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. असो, ते माझं म्हातारपणाचं दुखणं.

नवा कुर्ता तसाच घालू नकोस. आधी गार पाण्यात वेगळा धू. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं, आणि छापाचा रंग कच्चा असला तर तो बादलीत निघालेला बरा. नाही तर घामाने गळ्यावर निळा पट्टा उमटतो, तो पुसून जात नाही. दुकानातल्या खळीचा वासही जातो.

आता सँडल. ती सगळ्यात आधी घे आणि आठवडाभर घरात घालून फिर. टाच उंच नको, पट्टा मागून हवा. नव्या सँडलने टाचेला फोड आला तर खापरीच्या ऑटोपासून मुलाखतीच्या खुर्चीपर्यंत तुझ्या डोक्यात दुसरं काही राहणार नाही. आणि तळवा शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, ते पाहा. आपल्या उन्हाळ्यात डिंक सुटतो. आमच्याकडे एकदा एक मुलगा गेटपासून आत येईस्तोवर त्याच्या बुटाचा तळवा जबड्यासारखा उघडला. पठ्ठ्याने दोन्ही बूट बाहेर काढून ठेवले आणि मोज्यांवर आत आला. ‘सर, सोल निघाला’ म्हणाला आणि बसला. आम्हाला तो फार आवडला. त्याला घेतलं नाही, पण बुटामुळे नाही. वेल्डिंगच्या जागेसाठी आला होता आणि वेल्डिंगचं त्याला ओ की ठो येत नव्हतं.

रस्त्याचं काय करायचं? सरळ सांगते, मामीकडे जा. 26 ला उतरत्या उन्हात ये, रात्री मानेवाड्याला राहा, सकाळी आंघोळ करून प्रेस केलेला कुर्ता घालून निघ. पहाटेपासूनची अर्धी वणवण वाचते. मामी बोलेल. बोलू दे. तिच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसलं की तिलाच काम सांगायचं. ‘मामी, तुमच्या हाताने प्रेस चांगली होते, एवढा कुर्ता करून द्याल का?’ असं म्हणून पाहा. मामी कपड्यांवर बोलते म्हणजे तिला कपड्यांतलं कळत असणार. काय सांगावं, तिनेच एखादी बरी सूचना केली तर ऐक, माझ्यावर राहू नकोस.

तरीही काही कारणाने सकाळच्या एसटीनेच यावं लागलं तर जुना कुर्ता घालून बस आणि नवा गुंडाळून पिशवीत घे. घडी घातल्यावर पडतात तेवढ्या चुण्या गुंडाळल्यावर पडत नाहीत. कपडे बदलायचे ते स्टँडच्या गर्दीत नाही, मेट्रो स्टेशनच्या स्वच्छतागृहात. आणि स्टँडवर उतरल्या उतरल्या तर्री-पोह्यांचा वास येईल, त्याला बळी पडू नकोस. तर्रीचा डाग गडद निळ्यावरही दिसतो. पोहे खा, तर्री परतीच्या वाटेवर.

तोंडाला दुपट्टा बांध, सनकोट असला तर तोही घाल, आपल्याकडे त्यात कोणाला काही वाटत नाही. फक्त कंपनीच्या गेटवर पोचायच्या आधी सोड, तिथे ओळखपत्राशी चेहरा जुळवतात. दुपट्ट्याने केस चप्प बसतात आणि काजळ गालावर येतं, म्हणून काजळ त्या दिवशी घालूच नकोस. केस मागे बांध, कंगवा जवळ ठेव. पावडर मानेवर थापू नकोस, घाम आला की तिच्या पांढऱ्या वळ्या होतात. सेंटही नको, मुलाखतीची खोली लहान असते. हातावर कोणाच्या लग्नाची मेंदी असेल तर राहू दे, घासत बसू नकोस. या मोसमात अर्ध्या नागपूरच्या हातावर मेंदी असते.

साडेदहालाच पोच, पण लगेच आत जाऊ नकोस. दहा मिनिटं पंख्याखाली बस, पाणी पी, तोंड धू. घाम थांबायला तेवढा वेळ लागतोच.

आता तुझ्या त्या ओळीकडे येते.

कपड्याला इंग्रजीचं काम सांगू नकोस, बेटा. तो बिचारा ते करू शकत नाही. तू ब्लेझर घालून गेलीस तर पॅनलला वाटेल ही फाडफाड इंग्रजी बोलेल, आणि पहिल्याच वाक्याला तू अडकलीस की त्यांचा हिरमोड तुला त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. त्यापेक्षा तू जशी आहेस तशीच आत गेलीस तर निदान त्या हिरमोडाचं ओझं तुझ्यावर नाही. बहीण म्हणते, गावची म्हणून ओळखतील. अगं, उमरेडची आहेस हे तुझ्या अर्जावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे. ते वाचूनच त्यांनी बोलावलं ना?

आणि तुझं इंग्रजी तुला वाटतं तेवढं कच्चं नाही. दीड वर्षापासून तू दर महिन्याच्या 11 तारखेआधी जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरण, आणि 20 तारखेआधी 3बी, म्हणजे कर भरण्याचं विवरण, भरून राहिली आहेस. माल विकणाऱ्या पार्टीने बिल अपलोड केलं नाही म्हणून 2बी या खरेदीच्या तक्त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, दिसत नाही, तेव्हा कोणाला फोन करायचा, काय नोंद करायची, हे तुला पाठ असणार. लेजर, व्हाउचर, डेबिट नोट, रिकन्सिलिएशन हे सगळे शब्द इंग्रजीच आहेत आणि ते तुझ्या तोंडात रोज असतात. अकाउंट्सची अर्धी भाषा तुला येतेच. उरलेल्या अर्ध्यासाठी चार छोटी वाक्यं तयार ठेव: नाव, गाव, काय शिकले, रोज काय काम करते. मग खुशाल विचार, पुढचं हिंदीत किंवा मराठीत सांगितलं तर चालेल का? अकाउंट्स असिस्टंटच्या जागेला नाही म्हणणारे फार नसतात. म्हणालेच, तर तुटक्या इंग्रजीत पण बरोबर आकडे सांग. आमच्या पॅनलवर आकडे चुकणाऱ्या गोड इंग्रजीला कोणी विचारलं नाही.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी एक कर. नवा कुर्ता, पॅन्ट, सँडल सगळं घालून भर दुपारी, कूलर बंद करून, तासभर टॅलीवर बस. मैत्रिणीला समोर बसवून प्रश्न विचारायला लाव. कुठे टोचतं, कुठे ओढतं, कुठे घाम दिसतो, सगळं त्या तासात बाहेर येईल. त्यातून एखादी गोष्ट बदलावी लागली तर तुझ्याकडे अजून एक दिवस असेल. त्याआधी आणखी काही विचारायचं असेल तर मला लिही, पण 25 च्या आधी. नंतर माझ्या उत्तराचा उपयोग नाही.

तुझी काकू

ता. क. आई निघताना उन्हाचा म्हणून पर्समध्ये कांदा ठेवेल, हे मी लिहून देते, माझी आईही ठेवायची. घे, तिचं मन मोडू नकोस. मामीच्या घरी पोचलीस की स्वयंपाकघरात ठेवून दे. दुसऱ्या दिवशी एसीच्या बंद खोलीत फाइल काढायला पर्स उघडशील, तेव्हा कांद्याचा वास आला तर त्यावर मला काही सल्ला सुचणार नाही. त्याऐवजी बाटलीभर पन्हं ने, आणि झाकण नीट लावलं आहे ना ते दोनदा पाहा.